नव्या बंदुकीला मिस्त्री कशाला?

हे पान एरवी बियाण्याचे, खताचे आणि कीडरोगाचे. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे, पण तो आपल्या बांधाबाहेरचा नाही. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी या भागात भात पोटरीत आले की रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत घनसाळाचे वाफे असे लोळवतो की सकाळी ते बघून न्याहारीचा घास घशाखाली उतरत नाही. नाचणीचे तेच, उसाचे तेच. गवे उतरले तर बांधही शाबूत राहत नाहीत. डबे वाजवून झाले, बॅटऱ्या मारून झाल्या, फटाके उडवून झाले की घरात कोणीतरी म्हणते, शेतीसंरक्षणाचा परवाना काढू या. मग तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, कचेरीचे हेलपाटे. शेवटी एकदाचा परवाना हातात पडतो आणि नवी ठासणीची बंदूक घरात येते.

आणि मग मला हमखास एक प्रश्न येतो. मी कृषी खात्याचा माणूस, बंदूक हा काही माझ्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातला विषय नव्हे. पण गावात साहेब आला की विहिरीच्या मोटारीपासून जावयाच्या बदलीपर्यंत सगळे त्यालाच विचारायचे अशी आपली रीत आहे. प्रश्न असा की, बंदूक नवी कोरी आहे, कारखान्याचा शिक्का आहे, दुकानाची पावती आहे. मग ती पहिल्यांदा भरण्याआधी बंदुकीच्या मिस्त्रीला दाखवायची गरज आहे का? जुनी असती तर गोष्ट वेगळी. नव्याला मिस्त्री कशाला?

माझे उत्तर ठरलेले आहे. दाखवावी. पण नुसते 'दाखवावी' म्हणून भागत नाही, कारण एक दिवसाची मजुरी मोडून, गाडीभाडे खर्चून जिल्ह्याच्या गावी जायचे तर माणसाला कारण पटले पाहिजे.

तुम्ही म्हैस घेता तेव्हा काय करता ते आठवा. दलाल शपथा घेतो, मालक गळ्याची आण घेतो, तरी तुम्ही तीन धारा काढून बघितल्याशिवाय इसार देत नाही. दात बघता, सड बघता, चालवून बघता. घरच्या लक्ष्मीला सोबत नेले असेल तर ती कासेला हात लावून बघते, आणि बहुतेक वेळा तिचेच बरोबर ठरते. म्हशीला कागद नसतो म्हणून आपण बघतो. बंदुकीला कागद असतो म्हणून आपण डोळे मिटतो. खरे तर कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढे कळले की पुरे.

सोयाबीनचे प्रमाणित बियाणे घ्या. पिशवीवर लेबल असते, उगवण किमान 70 टक्के. ते लेबल खोटे नसते. पण ते ज्या दिवशी प्रयोगशाळेत दाणे तपासले त्या दिवसाचे सत्य असते. नंतर ती पिशवी ट्रकमध्ये चढली, हमालाने आदळली, दुकानात तिच्यावर आणखी दहा पोती बसली. सोयाबीनचे साल पातळ, आत अंकुर दुखावतो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून आम्ही दर ज्येष्ठात घसा कोरडा करून सांगतो की, घरी ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून ठेवा, आणि उगवलेले मोजा. प्रयोगशाळेवर अविश्वास म्हणून नव्हे. तपासणी पेरणीच्या जितकी जवळ तितकी ती उपयोगाची म्हणून.

बंदुकीच्या शिक्क्याचे तसेच आहे. नळीवर जो चाचणीचा शिक्का असतो तो क्षुल्लक नाही. नेहमीच्या भरणीपेक्षा जास्त दाबाची भरणी घालून, माणूस आडोशाला उभा करून, ती बंदूक उडवून बघतात. टिकली तरच शिक्का उठतो. ही पद्धत फार जुनी. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या मंडळाला 1637 साली सनद मिळाली आणि नळ्यांची चाचणी त्यांच्याकडे आली. बर्मिंगहॅमला 1813 च्या कायद्याने स्वतंत्र चाचणीघर झाले. इंग्लंडात बिनशिक्क्याची बंदूक विकणे हा गुन्हा आहे. पण शिक्का सांगतो एवढेच की त्या दिवशी, त्या भरणीला, ही नळी फुटली नाही. नंतर प्रवासात काय झाले, दुकानात कोणी कोणता भाग बदलला, तुम्ही तिच्यात कोणती दारू आणि कोणती टोपी घालणार, हे शिक्क्याला कसे ठाऊक असणार?

यावर मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. भुदरगडकडच्या एका वाडीतले आबा, वय सत्तरीच्या आसपास, पण माळ्यावर चढताना नातवाला मागे टाकणारे. त्यांच्या मुलाच्या नावावर परवाना झाला आणि नवी एकनळी ठासणीची बंदूक घरी आली. मी मृद नमुने घ्यायला गेलो होतो. आबांनी ती मोठ्या कौतुकाने खोळीतून काढली. शिसवी रंगाचा दस्ता, नळीवर काळा मुलामा, घोडा आणि चाप नवेपणाने चकचकीत. मी म्हटले, "आबा, मिस्त्रीला दाखवली का?"

"कशापायी? नवी हाय की, सायेब. ह्यो बगा शिक्का. म्हातारी झाल्यावर नेऊ डाक्तरकडं."

सूनबाई आतून म्हणाली, "मामंजी, मिक्सर आनला तवा दुकानात लावून बगितला हुता न्हवं?" आबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला माझी बैठक होती, तेव्हा मुलगा परवाना आणि बंदूक घेऊन आला, आबाही आले, आणि आम्ही तिघे एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. लहानसे दुकान, खिडकीजवळ शेगडा, भिंतीला कानशी मापाने लावून ठेवलेल्या.

मिस्त्रीने पहिली गोष्ट काय केली असेल? नळीत गज सोडला, तो तळाशी टेकल्यावर तोंडाजवळ खडूने खूण केली, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघितला. गज तळापर्यंत गेला होता, म्हणजे बंदूक रिकामी. "दुकानातून आली, नवी आहे, मान्य," तो म्हणाला, "पण रिकामी आहे हे मी कोणाच्या तोंडून ऐकत नाही." मग चिंधी फिरवली. कारखान्यातून गंज लागू नये म्हणून लावलेले घट्ट ग्रीस चिंधीला बोटभर आले. ते तसेच ठेवून दारू भरली असती तर दारू तेलकट होऊन बंदूक फुसकी जाते, माणूस मग पुन्हा टोपी लावतो, पुन्हा चाप ओढतो, आणि भरलेली बंदूक हातात घेऊन चिडलेला माणूस ही काही चांगली गोष्ट नव्हे.

त्यानंतर त्याने घोडा अर्ध्यावर चढवून चाप जोराने ओढला. पडला नाही. ठीक. पूर्ण चढवून दस्त्याच्या बुडावर तळहाताने थापा मारल्या. पडला नाही. ठीक. मग तो निपलकडे वळला. निपल म्हणजे ज्या लहान बोंडावर टोपी बसते ते. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी निपलच्या भोकातून आत दारूला जाते. मिस्त्रीने किल्लीने निपल सैल केले, आणि पुढे किल्ली बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी फिरवून ते काढले. पुन्हा बोटांनीच बसवले. दोन बोटांत धरून हलवले, तर ते डुलले. अगदी किंचित, पण डुलले.

"हे याच बंदुकीचे आहे?" त्याने विचारले.

तेव्हा मुलगा म्हणाला की बंदुकीबरोबर आलेले निपल घरी बघताना कुठे पडले ते सापडले नाही, म्हणून त्याने दुसऱ्या गावाहून नवे आणून बसवले. तेही नवे, कागदात गुंडाळलेले, तेल लावलेले. मिस्त्रीने मापपट्टी लावली. बंदुकीचे भोक पाव इंचाच्या आट्यांचे, म्हणजे 6.35 मिलिमीटर, आणलेले निपल 6 मिलिमीटरच्या आट्यांचे. पाव इंच आणि 6 मिलिमीटर यांत फरक केसाएवढा. आत जाते, दोन फेरे धरतेही, शेवटी किल्लीने आवळले की तळाला टेकून घट्ट बसल्यासारखे वाटते. पण आटे आट्यांत बसलेलेच नसतात.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी नांगराच्या फाळाला इंची बोल्टावर मिलिमीटरचा नट चढवून बघितला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. नांगराचा नट सुटला तर फाळ गळून पडतो, आपण बैल थांबवतो. बंदुकीचे निपल सुटले तर ते ज्या दिशेला उडते तिथे तुमचा डोळा असतो.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंदूक बी नवी, निपल बी नवं. मग खोट कुनाची?"

मिस्त्री म्हणाला, "खोट कोणाचीच नाही, आबा. दोन्ही वस्तू अस्सल आहेत. फक्त त्या एकमेकींच्या नाहीत."

मला वाटते, सगळा विषय याच वाक्यात आहे. करणारा आपली वस्तू तपासतो. दुसऱ्याच्या वस्तूशी ती जुळते का, हे तो तपासूच शकत नाही, कारण ती दुसरी वस्तू त्याने पाहिलेलीच नसते. जुळणी जिथे होते, तिथेच ती बघावी लागते. तुमच्या विहिरीवरची मोटार कारखान्यात तपासलेली असते, पंपही दुसऱ्या कारखान्यात तपासलेला असतो. पण दोघांचा कपलिंग सांधा तुमच्या पत्र्याच्या खोलीत, तुमच्या ओबडधोबड कट्ट्यावर जुळतो. बेअरिंग जळते ते तिथे.

हाच वाद सातासमुद्रापलीकडे किती बारकाईने चालतो, ते मला माझ्या पुतण्याकडून कळले. तो अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. तिकडे पुष्कळ हौशी लोक आख्खी रायफल विकत घेत नाहीत, जुळवून घेतात. नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, आणि मधली ॲक्शन तिसऱ्याची. ॲक्शन म्हणजे रायफलचे काळीज: नळी जिच्यात आट्यांनी बसते ते पोलादी घर, आणि काडतूस पुढे ढकलून त्याच्या मागे अडसरासारखा अडकणारा बोल्ट. पूर्वी लोक मोठ्या कारखान्याची रायफल घेत, उदाहरणार्थ 1962 साली बाजारात आलेली रेमिंग्टन 700, आणि तिची ॲक्शन मिस्त्रीकडून 'सरळ' करून घेत. घाऊक कामात घराचे तोंड आट्यांशी काटकोनात नसे, बोल्टचे दोन कान सारखे टेकत नसत. मिस्त्री ते पुन्हा कापून, घासून नीट करी. पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली, आणि लहान लहान कारखाने सुरुवातीपासूनच सरळ असलेली ॲक्शन करून विकू लागले. किंमत हजार-दीड हजार डॉलर. त्यामुळे पुतण्याचे म्हणणे आबांसारखेच: "काका, एवढे पैसे सरळपणाचेच मोजले, आता पुन्हा मिस्त्रीने तपासायचे कशाला?"

त्याच्या मिस्त्रीचे उत्तर मला फार आवडले. तो म्हणाला, मी हिला कानस लावणार नाही, पण मापल्याशिवाय नळीही लावणार नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काडतूस नळीच्या मागच्या कोठडीत जिथे टेकते, तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर नेमके असावे लागते. हे अंतर ॲक्शनमध्ये नसते आणि नळीतही नसते. दोन्ही एकत्र आवळल्यावर ते जन्माला येते. ते बघायला पोलादी मापे असतात, एक 'जाणारे' आणि एक 'न जाणारे'. पहिल्यावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. .308 विंचेस्टर या काडतुसासाठी पहिले माप 1.630 इंच आणि दुसरे 1.634 इंच. फरक 4 हजारांश इंच, म्हणजे आपल्या मुलांच्या वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा. अंतर कमी पडले तर बोल्ट मिटत नाही, त्यात निदान धोका नाही. जास्त झाले तर उडताना पितळी काडतूस मागे ताणते, फाटते, आणि तापलेला वायू मागे तोंडाकडे येतो. त्या काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला 62,000 पौंड धरलेला आहे. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आपण 12 ते 16 पौंड हवा भरतो, एवढे ध्यानात घेतले की 62,000 म्हणजे काय याची कल्पना येईल.

काही कारखान्यांची मापे इतकी पक्की असतात की त्यांच्या ॲक्शनला बसणारी तयार नळी टपालाने मागवता येते. तरी आवळून झाल्यावर ती दोन मापे घालून बघावीच लागतात. शिवाय मिस्त्री आणखी चार गोष्टी बघतो: आट्यांत पोलादाचा कीस राहिला आहे का, बोल्टचे दोन्ही कान टेकतात का, घाव घालणारी सुई पुरेशी आणि बेताची बाहेर येते का, आणि बोल्ट त्याच घराचा आहे का, की दुकानात दोन खोक्यांतली अदलाबदल झाली. हे सगळे नळी बसवतानाच होते, वेगळी पायपीट नाही. पुतण्याने शेवटी मापून घेतली. माप बरोबर निघाले. "बघा काका, फुकट गेले की नाही पैसे!" असे तो फोनवर म्हणाला. बियाणे 90 टक्के उगवले म्हणून गोणपाटाचे पाणी फुकट गेले म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही, एवढेच मी त्याला सांगितले.

त्या मिस्त्रीच्या बोलण्यातला दुसरा अर्धा भागही आपल्या उपयोगाचा आहे. तपासणी वेगळी आणि कापाकापी वेगळी. नवी बंदूक नेली की काही कारागीर उगाच चाप 'हलका' करून देतो म्हणतात, खाच घासतात, नळीचे तोंड रुंदावतो म्हणतात. अशा वेळी सरळ नाही म्हणावे. जे नीट आहे त्याला कानस लावली की ते बिघडण्याचीच शक्यता जास्त, आणि चाप हलका झाला की घोडा थापेने पडू लागतो. चांगला मिस्त्री नव्या बंदुकीला नव्वद टक्के वेळा फक्त बघतो, मापतो, पुसतो आणि परत देतो. त्याचे पैसे द्यायला कुरकूर करू नये. डॉक्टरने औषध लिहिले नाही म्हणून फी बुडवणारे लोकही असतात, तो भाग वेगळा.

गावच्या लोहाराकडे मात्र जाऊ नये. लोहाराच्या हाताला मी नावे ठेवत नाही. त्याने शेवटलेली कुदळ आयुष्यभर जाते. पण 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करणे, तिच्यात बदल करणे, तिची चाचणी घेणे या सगळ्याला परवाना लागतो. बिनपरवाना हात लावला तर तोही अडकतो आणि तुम्हीही. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि ती पुरी पडत नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे बहुधा बारा बोअरची, बंदूक मिळू शकते.

या बारा बोअरचेही एक-दोन धोके सांगून ठेवतो, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. जुन्या पुष्कळ बंदुकांची कोठडी 65 मिलिमीटरची असते आणि हल्लीची काडतुसे 70 ची. गंमत अशी की 70 चे काडतूस 65 च्या कोठडीत सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. 70 हे माप तोंड उघडल्यानंतरचे. उडताना दुमड उघडायला जागा मिळत नाही, छर्ऱ्यांची वाट अडते आणि दाब वाढतो. वारसाने आलेली बंदूक तुमच्या घराला नवीच असते. तिची कोठडी मापून घेतल्याशिवाय दुकानातले नवे खोके उघडू नका. आणि ज्या घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बोअरच्या बंदुका आहेत, तिथे काडतुसे दोन वेगळ्या कुलपांत ठेवा. वीसचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते, मागून बघितले तर नळी रिकामी वाटते, माणूस त्याच्या मागे बाराचे घालतो. पुढचे सांगायला नको.

आता जे झाले ते सांगतो. गाव सांगत नाही. एकाने वैशाखात नवी एकनळी बारा बोअर घेतली. मिस्त्रीला दाखवली नाही, नळीत चिंधीही फिरवली नाही, खोळ न घालता माडीवर कोपऱ्यात उभी केली. पावसाळा गेला. आश्विनात डुकरे उतरली तेव्हा त्याने धावत जाऊन ती काढली, मागून काडतूस घातले आणि आभाळाकडे तोंड करून बार काढला. मधल्या चार महिन्यांत कुंभारमाशीने नळीत मातीचे घर केले होते. ही माशी तुम्ही ओळखता. किल्लीच्या भोकात, पाइपच्या तोंडात, जिथे अरुंद पोकळी मिळेल तिथे ती चिखल आणून कोठ्या बांधते. नळी पुढच्या बाजूला फुगून फाटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली. माणूस वाचला. त्या हंगामात त्याच्या घरी कापणीला विळा धरायला बायको आणि पुतणे होते, आणि तो बांधावर बसून होता. बंदुकीत खोट नव्हती. कारखाना निर्दोष, दुकान निर्दोष. नव्याला काय बघायचे, एवढाच विचार आड आला.

म्हणून मी 'नवी' या शब्दाचा अर्थ थोडा ताणतो. दुकानातून पहिल्यांदा आलेली तर नवीच. पण निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करून परत आणलेलीही नवी समजावी. ओलसर खोलीत शंभर बंदुकांच्या ढिगात ती कशी राहिली ते आपल्याला माहीत नसते. शेजारच्या मळ्यावरून परत आलेली, पावसात भिजलेली, हातातून दगडावर पडलेली, तीही नवी. निदान नळीतून उजेड आरपार दिसतो का आणि ठासणीची असेल तर गज तळाला जातो का, एवढे घरीच बघता येते, आणि ते प्रत्येक वेळी बघावे. ठासणीत फक्त काळी दारू. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू कधीही नाही, चिमूटभरही नाही. तिला तो दाब सोसायची ताकदच नसते, मग मिस्त्रीने कितीही तपासलेली असो.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे पुन्हा सांगतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पिकात आलेले जनावर मारायलाही वन खात्याची लेखी परवानगी लागते. आपल्याकडे बहुतेक बार हवेतच निघतात आणि आवाजानेच काम होते. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वन खात्याकडे करता येतो, तो जरूर करा. पंचनाम्याआधी वाफा नांगरू नका.

आबांच्या बंदुकीला योग्य मापाचे निपल त्याच दुकानात मिळाले. मिस्त्रीने सुटे आणखी एक दिले आणि आबांच्या मुलाला किल्लीशिवाय, बोटाने चार फेरे फिरवून दाखवायला लावले: नीट जुळणारे निपल कसे अडत अडत, न डुलता जाते, हे बोटाला कळले पाहिजे म्हणून. परतीच्या एस.टी.त आबा मला म्हणाले, "सायेब, ही बोटाची गोष्ट पेपरात लिवा." म्हणून हा लेख.

तुम्ही जाल तेव्हा बंदूक रिकामी, खोळीत बांधून न्या. मूळ परवाना आणि पावती सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही. दारू आणि टोप्या बरोबर नेऊ नका, पण टोप्यांच्या डबीवरचा क्रमांक कागदावर लिहून न्या, म्हणजे ती टोपी तुमच्या निपलवर बसते की नाही ते मिस्त्री सांगेल. आणि जाण्याआधी दुकान उघडे असल्याची फोनवर खात्री करून घ्या. या कामाचे जाणते लोक आता एका जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, आणि भात पोटरीत आले की त्यांच्याकडेही गर्दी होते. श्रावण संपायच्या आत जाऊन आलेले बरे.